प्लास्टर निघाल्यावर मांडी परत भरायची कशी

सहा आठवड्यांचं प्लास्टर निघालं की पाय बघून घरातले हबकतात. मांडी सुकलेली, कातडी कोरडी, गुडघा ताठ. हाड जुळलेलं असतं, पण पाय अंगाचा भार घ्यायला तयार नसतो. मग कुणी तेल सुचवतं, कुणी सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाकाठी रोज फिरायला सांगतं. तेलाने कातडी मऊ होते, फिरण्याने दम वाढतो. मांडी भरते ती भार पडल्याने, आणि तो भार टप्प्याटप्प्याने वाढवल्याने.

आधी डॉक्टरांना विचारा, पायावर किती भार टाकायची मुभा आहे? ‘पाय टेकवायचा नाही’ असं उत्तर आलं तर उभ्याने करायचे व्यायाम बाजूला ठेवा, आणि पडून करायच्या व्यायामांपैकी कोणते चालतील तेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

धडधाकट तरुणांचा पाय मुद्दाम जखडून ठेवलेल्या प्रयोगांत 14 दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार सुमारे 8 टक्क्यांनी घटला, ताकद मात्र सुमारे 23 टक्क्यांनी. हा फरक महत्त्वाचा आहे. स्नायूचे तंतू बारीक होतात, पण त्याआधी मेंदूकडून त्यांना जाणारा हुकूमच कमजोर पडतो. गुडघ्यात पाणी साठलं असेल तर तो आणखी दबतो. म्हणून सुरुवातीची मेहनत स्नायू फुगवण्याची नसते, त्याला जागं करण्याची असते. पहिले दोन-तीन आठवडे ताकद वाढते, पण मांडीचा घेर मोजणारा टेप जागचा हलत नाही. इथेच बरेच जण कंटाळून सोडून देतात.

मोजायचं असं: पाय सरळ करून झोपा, मांडी सैल सोडा. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून 10 सेंटिमीटर वर पेनने खूण करा आणि तिथला घेर घ्या. दोन्ही पायांचा घ्या. गुडघ्याचा घेरही वाटीच्या मधोमध मोजून लिहून ठेवा, सूज वाढली तर तिथे कळते. मांडी दर पंधरा दिवसांनी मोजली तरी पुरे.

पहिला व्यायाम गादीवर. सोलापुरी चादरीची घट्ट गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. 5 सेकंद दाबून धरा, सोडा. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. दाबताना वाटीच्या वर, आतल्या बाजूला बोट ठेवून बघा: तिथलं मांस टणक व्हायला हवं आणि वाटी मांडीकडे सरकायला हवी. बहुतेकांचे कुल्ले आवळले जातात, श्वास कोंडतो आणि मांडी लोण्यासारखी मऊच राहते. तसं झालं तर दोन्ही पाय एकदम दाबा, चांगल्या पायाच्या जोडीने दुखरा लवकर शिकतो.

मग सरळ पाय उचलणं. दुसरा गुडघा दुमडा, हा पाय ताठ करून टाच साधारण 30 सेंटिमीटर वर न्या, सावकाश खाली आणा. दहा-दहाचे तीन फेरे. उचलताना गुडघा किंचित वाकला तर स्नायू अजून पुरता धरत नाही, मागे फिरून चादरच दाबा. ताठ राहिला तर घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधा, अर्थात हाडावर वजन लटकवायला डॉक्टरांची हरकत नसेल तरच. सलग दोन दिवस 12 वेळा सहज जमलं की पुढचा अर्धा किलो.

भार टाकायची मुभा मिळाली की खुर्ची घ्या. हात न टेकता उठा, तीन सेकंद मोजत बसा. जड गेलं तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. यात एक फसवाफसवी नकळत होते: सगळा भार चांगल्या पायावर जातो. दुखऱ्या पायाचं पाऊल थोडं मागे घेतलं की त्याला काम करावंच लागतं. पुढे 10-15 सेंटिमीटरच्या पायरीवर चढणं-उतरणं आणि ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहणं, कारण पोटरीही तितकीच आटलेली असते. हे भाराचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, एक दिवस आड. शेवटची दोन-तीन आवर्तनं जड गेली पाहिजेत, नाहीतर स्नायूला बदलायचं कारणच मिळत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडी भरून आली, ठणकली तर चालेल, विशेषतः सावकाश खाली बसण्याच्या व्यायामाने ती ठणकतेच. पण सकाळी गुडघा सुजलेला दिसला तर आदल्या दिवशी जास्त झालं, भार निम्म्यावर आणा.

यंत्रमागावर परतणाऱ्यांचा एक गैरसमज असतो, की पाळीभर उभं राहिलं म्हणजे व्यायाम झाला. नुसतं उभं राहण्याने मांडी भरत नाही, पाऊल मात्र सुजतं. जमेल तिथे अर्ध्या पाळीने सुरुवात करा आणि मधूनमधून स्टुलावर टेका.

जेवणात रोज दर किलो वजनामागे 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 96 ग्रॅम. ज्वारीच्या पिठात 100 ग्रॅमला साधारण 10 ग्रॅम असतात. दोन चमचे शेंगाचटणीतून जेमतेम 4-5 ग्रॅम मिळतात, कितीही चविष्ट असली तरी. भाकरीसोबत घट्ट डाळ, दूध-दही, अंडी किंवा चिकन हवंच. शाकाहाऱ्यांना 50 ग्रॅम सुक्या सोयावड्यांतून 25 ग्रॅमच्या आसपास मिळतात. वयस्करांनी हे तिन्ही जेवणांत वाटून घ्यावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

प्लास्टर अजून पायात असेल तरी रिकामं बसू नका. चांगल्या पायाला वजन लावून व्यायाम दिला तर बांधलेल्या पायाची ताकदही काही अंशी टिकते, कारण हुकूम देणारी यंत्रणा दोन्हीकडे जोडलेली असते.

मुका मार लागून किंवा स्नायू फाटून मांडी काळीनिळी झाली असेल तर हिशोब वेगळा. पहिले दोन-तीन दिवस थंड शेक, पट्टी आणि आराम. मालिश नको, गरम शेक नको. चोळल्याने रक्तस्राव वाढतो, आणि मोठ्या माराच्या जागी स्नायूत चक्क हाडासारखा कठीण भाग तयार होऊ शकतो. तंतूंच्या कडेला असलेल्या मूळ पेशी दुरुस्तीचं काम करतात, त्या नव्या तंतूंना वळण मिळावं म्हणून त्यानंतर मात्र हलकी हालचाल लवकर सुरू करावी.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा व्यायाम पहाटे करा. मोठ्या खंडानंतर तालमीत जाऊन पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारू नका. मांडी प्रचंड दुखून लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर स्नायू तुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडावर येतंय, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हाही वाट न बघता रुग्णालय गाठा.

कबड्डी किंवा फुटबॉलच्या मैदानात परत कधी उतरायचं? एका पायावर खुर्चीतून उठण्याची आवर्तनं दोन्हीकडे मोजा. दुखऱ्याची चांगल्याच्या 90 टक्के होईपर्यंत मैदान लांबच ठेवा, आणि झाल्यावरही फिजिओथेरपिस्टकडून उडी व वळणं तपासून घ्या.