नागपूरले पबात जाऊन राह्यले? आधी गाडी कोण चालवणार ते ठरवा

यवतमाळ साइडनं दोस्त, भाऊ-वहिनी मिळून नागपूरले पब फिरायले जात असाल तर गाडी कोण चालवणार हे घरूनच ठरवा, तिथं पोचल्यावर नाही, कारण पहिला ग्लास पोटात गेला की सगळेच म्हणतात मले काही नाही झालं. आम्ही ज्याची पाळी असते त्याच्या जेवणाचे पैसे बाकीच्यांनी भरतो अन् दिवसभर चाबी त्याच्याच खिशात, कोणी मागितली तरी द्यायची नाही.

रक्तात 100 मिलीमागे 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की गुन्हा, पहिल्यांदाच 10,000 दंड नाहीतर 6 महिन्यांपर्यंत जेल, कधी दोन्ही. पण मले खरी भीती रस्त्याची वाटते भाऊ, रात्री तुरीच्या वावरातून रोही म्हणजे नीलगाय एकदम समोर येते, डोळे चमकले म्हणेपर्यंत गाडीपुढं, तिथं शुद्धीतल्या माणसाचाही ब्रेक लागत नाही. म्हणून शक्यतो दुपारीच बसा अन् अंधाराआधी निघा.

अजून एक, कळंब-देवळी रस्त्यानं गेलात तर मधात वर्धा जिल्हा लागते, तिथं दारूबंदी आहे, उरलेली बाटली गाडीत ठेवून आणू नका. सोबतच्या पोरांचं वय बघा, बियर-वाइनले 21 अन् कडक दारूले 25 पूर्ण लागते. निघताना घरून भाकर-झुणका खाऊन निघा, उपाशीपोटी लवकर चढते, अन् दर ग्लासामागं एक ग्लास पाणी प्या.