खिचडी खाल्ली तर उपाशी नव्हे

श्रावणातल्या एका सोमवारी एक काका आमच्याकडे, रत्नागिरीत, फॅटी लिव्हरच्या अभ्यासासाठी रक्त द्यायला आले. उपाशी या, असं आदल्या दिवशी बजावलं होतं. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी वगळून उरलेला द्रव, निघाला ताकासारखा पांढरा! विचारलं, तर म्हणाले, "उपासच आहे ना माझा. सकाळी सहाला खिचडी घेतली तेवढीच." शेंगदाण्याचं तेल, साजूक तूप, सगळं कायलोमायक्रॉन, म्हणजे चरबीचे कण, होऊन रक्तात उतरलेलं. तेव्हापासून मी 'उपाशी' म्हणतच नाही. बारा तास पाण्याशिवाय काही नाही, चहासुद्धा नाही, असं सांगते. तुम्हीही तसंच सांगा.

आपल्याला रक्तातून हव्यात पेशींनी सोडलेल्या पुटिका, म्हणजे अगदी सूक्ष्म पिशव्या. चरबीने बेजार झालेल्या यकृताच्या पेशी त्या जास्त सोडतात आणि दाहाच्या पेशींना बोलावून घेतात, असं प्रयोगांत दिसलंय. पण रक्तात चरबी वाहून नेणारे लिपोप्रोटीनचे कण त्यांच्या कितीतरी पट. तेच पुटिका म्हणून मोजले, की फॅटी लिव्हरचा अभ्यास गेला वाया.

पहिले दोन-तीन मिली रक्त बाजूला काढा, पुढचं सायट्रेटच्या ट्यूबमध्ये घ्या, म्हणजे गोठणार नाही. त्यासाठी हेपारिन नको, पुढे पीसीआर (जनुकीय तपासणी) अडतो. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवायचा मोह आवरा. गारव्याने प्लेटलेट चेकाळतात आणि आपल्याच पुटिका सोडत बसतात. तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये 2500 जी वर (गुरुत्वाच्या 2500 पट) 15 मिनिटं फिरवा. तळाचा अर्धा सेंटीमीटर सोडून वरचा प्लाझ्मा उचला, हावरटपणा नको. परत तेवढंच फिरवा, मग छोट्या नळ्यांत भरून उणे 80 अंशांच्या फ्रीझरमध्ये. (पावसाळ्यात इन्व्हर्टर बघूनच सुई टोचा.)

आता पुटिका लिपोप्रोटीनपासून वेगळ्या करायच्या. एचडीएल हे लिपोप्रोटीन जेमतेम 7 ते 12 नॅनोमीटर, एक्सोसोम, म्हणजे आपल्या पुटिकांतल्या बारक्या, 30 ते 150. आकाराने वेगळं करणाऱ्या कॉलममध्ये, म्हणजे सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या नळीत, मोठे आधी बाहेर पडतात, बारके मण्यांच्या छिद्रांत रेंगाळतात. चाळणीच्या अगदी उलट. व्हीएलडीएल आणि कायलोमायक्रॉन हे लिपोप्रोटीनचे कण मात्र पुटिकांएवढेच किंवा मोठे, ते कॉलमला फसवतात. त्यांना घनतेने पकडायचं. पेरणीआधी भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकतो ना, पोचट तरंगतं? तसेच हे हलके कण वर राहतात, पुटिका खाली जातात. नुसत्या घनतेवर गेलात तर एचडीएल पुटिकांसोबतच येतं. म्हणून दोन्ही करायचं, कंटाळा आला तरी.

शेवटी पुटिकांची ओळख सांगणारी प्रथिनं, सीडी63 आणि सीडी81, दिसायला हवीत. लिपोप्रोटीनचं प्रथिन अपोबी ठळक दिसलं तर पुन्हा पहिल्यापासून.

काकांना मी मंगळवारी बोलावलं. प्लाझ्मा स्वच्छ पिवळा निघाला. बाहीचं बटण लावता लावता त्यांनी विचारलं, "आता घावने चालतील ना?"