यश मिळाल्यावर प्रार्थना थंडावते तेव्हा

जेरह कूशी दहा लाखांचे सैन्य आणि ३०० रथ घेऊन चालून आला, तेव्हा यहूदाचा राजा आसा याने देवाचा धावा केला आणि लढाई जिंकली (बायबल, २ इतिहास १४). पुढे त्याच्या कारकिर्दीच्या ३६व्या वर्षी इस्राएलचा राजा बाशा रामा नगराला तट बांधू लागला. धोका आधीपेक्षा कितीतरी लहान होता. या वेळी आसाने प्रार्थना केल्याचे मात्र एक अक्षरही सापडत नाही. त्याने मंदिराच्या भांडारातले सोने-रुपे काढले आणि बाशावर उठावे म्हणून अरामाच्या राजाला पाठवून दिले. तोडगा लागूही पडला. बाशा काम टाकून निघून गेला आणि रामाचे दगड-लाकूड आसाच्या पदरात पडले.

यशानंतरची आत्मिक सुस्ती अशीच येते. ती पापासारखी दिसत नाही. हाताशी पैसा, ओळखी, अनुभव असतो. देवाला न विचारताही काम होते, म्हणून विचारणे सुटते. काम फसले असते तर माणूस गुडघ्यावर आला असता. म्हणून यश मिळाल्यानंतरचे पहिले पाच-सहा आठवडे जपायचे असतात, आणि ते कसे जपायचे ते आधीच ठरवून ठेवावे.

आधी प्रार्थनेची वही उघडा

यशापूर्वीचा एक महिना आणि नंतरचा एक महिना शेजारी ठेवून वाचा. आधीच्या पानांवर नावे, तारखा, नेमक्या मागण्या असतात. नंतरच्या पानांवर ‘सर्व ठीक, प्रभूचे आभार’ एवढीच ओळ असेल, तर दुखणे सापडले. वही नसेल तर स्वतःला एवढेच विचारा: गेल्या तीन मोठ्या निर्णयांत देवाला आधी विचारले, की ठरवून झाल्यावर आशीर्वाद मागितला?

पहिले दोन दिवस

उपकारस्तुती लिहून करा. किमान दहा बाबी, आणि प्रत्येक नेमकी: कोणत्या दिवशी कोणते दार उघडले, कोणी मदत केली, कुठे आपली चूक होऊनही काम वाचले. ही शेवटची बाब सगळ्यांत मोलाची, कारण यश आपल्या हिकमतीचे नव्हते हे तिथेच दिसते. सोबत बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा ८वा अध्याय सलग वाचा. वीसच वचने आहेत. पोट भरल्यावर, चांगली घरे बांधून झाल्यावर, गुरेढोरे वाढल्यावर देवाला विसरू नका, हा इशारा तिथे स्पष्ट शब्दांत आहे.

थकवा आणि सुस्ती यांची गल्लत मात्र करू नका. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर संदेष्टा एलीया गळून गेला, तेव्हा देवाने त्याला दोषी न धरता झोपू दिले आणि दोनदा खाऊ घातले (१ राजे १९). मोठे काम संपल्यावर आठवडाभर विश्रांती घ्यावी. फक्त प्रार्थनेची रोजची दहा मिनिटे सोडू नयेत.

रिकामी झालेली जागा भरा

अडचणीच्या दिवसांत बहुतेक प्रार्थना त्या एका गरजेभोवती फिरत असते. गरज भागली की बोलायला काही उरत नाही, आणि अर्ध्या तासाची पाच मिनिटे होतात. म्हणून वेळ तोच ठेवा, आतले बदला: पाच मिनिटे स्तुती, पाच मिनिटे पापांची कबुली, पंधरा मिनिटे इतरांसाठी नावे घेऊन, आणि उरलेली पाच मिनिटे गप्प बसून.

इथे नेहमी एक चूक होते. अपराधी वाटून लोक पहाटे चारला उठून दोन तास प्रार्थनेचा नवस करतात. आठवड्यात तो मोडतो, आणि मोडल्यावर आधीचा अर्धा तासही जातो. वेळ वाढवायचा तर आठवड्याला पाच मिनिटांनी वाढवा.

निर्णयापूर्वी एक रात्र

जवळच राहणारे गिबोनी लोक दूर देशचे असल्याची लबाडी करून तह मागायला आले तेव्हा इस्राएलाच्या माणसांनी त्यांची बुरसटलेली भाकर पाहिली, सगळी तपासणी केली. परमेश्वराला विचारले नाही (यहोशवा ९). तीनच दिवसांत खरे कळले, पण शपथ देऊन झाली होती. पैसा, नेमणूक, भागीदारी, नवी सेवा यांबद्दलचा कोणताही होकार एक रात्र थांबवा. प्रश्न तारखेसह लिहून देवापुढे ठेवा. उत्तर ‘उघडच’ वाटत असेल तेव्हा तर हा नियम मुळीच मोडू नका.

साक्ष आणि मान

मिद्यानी शत्रूंवरच्या विजयानंतर लोकांनी गिदोनाला राज्य कर म्हटले, तेव्हा ‘तुमच्यावर मी राज्य करणार नाही, परमेश्वर करील,’ असे तो म्हणाला ते योग्यच होते. पण त्याच बैठकीत त्याने लुटीतली कुंडले मागून घेतली. १७०० शेकेल सोने जमले, त्याचे एफोद (याजकाच्या वस्त्रासारखी वस्तू) झाले, आणि तेच त्याच्या घराण्याला पाश ठरले (शास्ते ८). विजयाची आठवण पूजेची वस्तू व्हायला वेळ लागत नाही. साक्ष, म्हणजे देवाने काय केले ते लोकांपुढे सांगणे, तीन-चार मिनिटांत संपवा, मदत करणाऱ्यांची नावे घ्या, स्वतःच्या युक्तीचे वर्णन गाळा. सहा महिन्यांनीही तीच साक्ष द्यावी लागत असेल, तर मधल्या काळात देवाकडे काय मागितले ते तपासा.

उत्पन्न वाढले असेल तर दानाचा टक्का वाढीव पैसा हातात येण्याआधीच ठरवा. आल्यावर ठरवले की तो कमीच निघतो. आठवड्यात एक काम असेही ठेवा ज्याचे श्रेय कोणालाच कळणार नाही.

आपला हनानी निवडा

हनानी द्रष्ट्याने आसाला चूक दाखवली, तर राजाने रागावून त्याला कैदेत टाकले. तीन वर्षांनी पायाच्या भयंकर रोगातही आसाने परमेश्वराला शोधले नाही, फक्त वैद्यांकडे गेला. वैद्याकडे जाणे हा दोष नाही. पण बोलणारा गप्प केल्यावर देवाची आठवण देणारे कोणी उरले नव्हते.

तुमच्या हाताखाली नसलेली, तुमच्या यशाने दिपून न जाणारी एक व्यक्ती निवडा. दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटे भेटा आणि प्रश्न तुम्हीच लिहून द्या: या पंधरवड्यात कोणाची क्षमा मागितलीस? वचन कामासाठी वाचलेस, की स्वतःसाठी? कोणत्या सूचनेचा राग आला? शेवटचा प्रश्न कधीही वगळू देऊ नका.

थंडी आधीच आली असेल तर

पहिली प्रीती सोडलेल्या इफिसच्या मंडळीला तीन गोष्टी सांगितल्या आहेत: कोठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, पहिली कामे कर (प्रकटीकरण २:५). पहिली प्रीती पुन्हा वाटेपर्यंत थांब, असे त्यात कुठेही नाही. म्हणून विश्वासाच्या सुरुवातीला तुम्ही खरोखर काय करत होता त्यातली दोन कामे लिहा: आजाऱ्याला भेटणे असेल, मुलांना वचन शिकवणे असेल. या आठवड्यातला वार आणि वेळ ठरवा आणि मन लागो न लागो, त्या वेळी तिथे हजर राहा.