पट्टी भरली म्हणून पेनड्राइव्ह उपटू नका: डिस्क लावताना-काढताना होणाऱ्या चुका

आमचं फोटो-व्हिडिओचं दुकान परभणीत, त्यामुळं पेनड्राइव्ह, हार्डडिस्क, डीव्हीडी असलं दिवसभर हातातून जात असतं. नवीन डीव्हीडी आता कुणी मागत नाही, पण पंधरा वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या डीव्हीड्या पिशवीत घालून लोक येतात, दादा एवढं पेनड्राइव्हमध्ये टाकून द्या म्हणतात.

पहिली चूक माझीच सांगतो. ऐन लग्नसराई, सेलूकडचं गिऱ्हाईक, नवरीचे मामा, त्यांना शेवटची एसटी गाठायची म्हणून "झालं का हो, झालं का हो" लावलेलं. स्क्रीनवरची हिरवी पट्टी भरली तसा मी पेनड्राइव्ह उपटला अन् हातात दिला. रात्री फोन आला, "हळद दिसायलीय हो, पण अक्षता पडायच्या टायमाला सगळं थांबायलंय." फाईलची साईज बरोबर दिसत होती अन् शेवटचा तुकडा आत गेलेलाच नव्हता.

होतं असं की कॉपी करताना सिस्टीम डेटा आधी रॅममध्ये, म्हणजे कंप्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत घेते अन् तिथून सवडीनं पेनड्राइव्हवर उतरवते, कारण पेनड्राइव्ह हळू असतो. म्हणजे पट्टी भरली तेव्हा सोयाबीन टेम्पोत चढलं असं समजा, मोंढ्यात उतरलं का नाही ते पट्टीला माहीत नसतं. इजेक्ट म्हणजे सिस्टीमला सांगणं की बाई, राहिलेलं उतरव अन् मग मोकळं कर. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या शेवटापासून, डिफॉल्टलाच क्विक रिमूव्हल असतं, त्यात माल साठवून ठेवत नाहीत, म्हणून लोक म्हणतात आता इजेक्टची गरज नाही. ते बऱ्यापैकी खरंय, पण फाईल चालू असताना उपटली तर कुठलीच सेटिंग वाचवत नाही, अन् कुणी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्या डिस्कला बेटर परफॉर्मन्स करून ठेवलं असलं तर पुन्हा आधीसारखंच. विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टीम वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, तिथं पट्टी भुर्रकन भरते अन् खरं काम मागं चालू असतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीत, सिंक (sync) लिहून एंटर मारा, पुढची कमांड लिहायची ओळ परत येईस्तोवर गप बसा.

आता उलटी तक्रार, इजेक्ट करतो पण होतच नाही, "डिव्हाइस वापरात आहे" म्हणतंय. इथं नव्वद टक्के लोक वैतागून उपटतात. अहो कुणीतरी फाईल धरून बसलंय, त्याला उठवा. प्लेअर बंद केला तरी मागं चालू असतो, फोल्डरची खिडकी उघडी असते, अँटिव्हायरस तपासत असतो. कोण ते कळत नसलं तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉग उघडा, कर्नेल-पीएनपीची (Kernel-PnP) २२५ नंबरची नोंद शोधा, तिच्यात प्रोग्रॅमचं नावच येतं. हे मला लई उशिरा कळलं, तोपर्यंत मी सरळ कंप्युटर बंद करायचो, तसं तेही चालतं.

लिनक्समध्ये "टार्गेट इज बिझी" आलं तर आधी स्वतःचं टर्मिनल बघा, बहुतेक वेळा तुम्हीच त्या फोल्डरमध्ये उभे असता. ज्या पोत्यावर बसलाय तेच पोतं उचलायला गेल्यासारखं. बाहेर या अन् मग युमाउंट (umount) ही डिस्क सोडवायची कमांड द्या, अन् त्या कमांडमध्ये 'यू'नंतर 'एन' नाहीये, अनमाउंट टाईप करून "कमांड सापडली नाही" बघत बसणारी पोरं मी पाहिलीत.

डीव्हीडीचा ट्रे उघडत नाही तेव्हा बटण दाबून दाबून तोडू नका. फ्लॉपीच्या काळात पीसीवर बटण आपलं होतं, केव्हाही दाबा, फ्लॉपी बाहेर. ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉशला तर ते बटणच नव्हतं, सिस्टीमनं सोडली तरच बाहेर, आणि मॅकवर डिस्कचं चित्र कचऱ्याच्या डब्यात ओढलं की ती पुसली जात नाही, इजेक्ट होते, पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. सीडी-डीव्हीडी ड्राइव्हला बटण आहे, पण सिस्टीम त्याला कुलूप लावू शकते, बर्निंग चालू असताना लावतेच. म्हणून आधी स्क्रीनवरून राइट क्लिक करून इजेक्ट करा.

लाईट गेली अन् डिस्क आत राहिली तर समोर टाचणीएवढं भोक असतं. टाचणी घालू नका, तोकडी पडते. जेम क्लिप सरळ करा, कंप्युटर बंद पाहिजे कारण फिरती डिस्क ओरखडते, क्लिप अगदी सरळ आत घाला, आत काहीतरी दबलं असं हाताला लागतं, तसं नेटानं दाबा, ट्रे बोटभर बाहेर येतो. पुढचा हातानं ओढायचा, हळू.

डीव्हीडी भरताना विंडोज विचारतं, फ्लॅश ड्राइव्हसारखी का प्लेअरसाठी. गडबडीत पहिलं निवडलं की घरच्या प्लेअरवर ती चालत नाही अन् दोष डिस्कच्या कंपनीला.

एडिटिंगवाल्यांसाठी एक. विंडोज प्रत्येक डिस्कला एक इंग्रजी अक्षर देतं. कालची हार्डडिस्क ई होती, आज एफ झाली अन् प्रोजेक्टमधले सगळे क्लिप लाल, कारण सॉफ्टवेअर त्यांना जुन्याच अक्षरावर शोधतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला एम नाहीतर पी असं लांबचं अक्षर देऊन टाका, त्या कंप्युटरवर ती त्याच अक्षरानं येत राहते.

विंडोज अन् लिनक्स दोन्ही एकाच मशीनवर असतील तर विंडोजची फास्ट स्टार्टअप ही सेटिंग बंद ठेवा. त्यात शटडाऊन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, अन् लिनक्समध्ये विंडोजचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तेवढा भाग, नुसता वाचता येतो, लिहू देत नाही.

आणि डिस्क लावल्या लावल्या "आधी फॉरमॅट करा" असा डबा आला तर कॅन्सल. दुसरं यूएसबी पोर्ट, दुसरी केबल, दुसरा कंप्युटर, एवढं करून बघा. तरी उघडेना अन् आत लग्नाचं शूटिंग असलं तर लगेच चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं टूल, चालवू नका, ते दुरुस्तीच्या नादात तुटक्या फाईली छाटून टाकतं. आधी रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरनं जेवढं निघतंय तेवढं दुसऱ्या डिस्कवर काढा, त्याच डिस्कवर नको, मग काय करायचं ते करा.