मतदारसंघाचा इतिहास काढायचाय? आधी पणजी करून बघा

रविवारी सकाळी भाचीचा फोन. टीवायला आहे, पॉलिटिकल सायन्स, आणि प्रोजेक्ट आलाय "एका विधानसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास". तिने घरचाच घेतला, नाशिक मध्य, आणि अर्ध्या तासात तिचा इतिहास संपला पण. २००९ ला मनसेचे वसंत गिते, २०१४, २०१९, २०२४ ला भाजपच्या देवयानी फरांदे, झालं. "मामा, चार ओळी झाल्या, आता पानं कशी भरू?" मी म्हणलं मिसळ खायला ये आणि लॅपटॉप घेऊन ये, नाशिकचं नंतर बघू, आधी पणजी करू.

ती म्हणे पणजी कशाला, आपण काय गोव्याचे आहोत का. तर त्याचं असंय, गोवा क्षेत्रफळाने देशातलं सगळ्यात छोटं राज्य, विधानसभेच्या जागा ४०, आणि पणजीत मतदार किती तर साधारण बावीस हजार. आपल्या नाशिक पश्चिमला चार लाखांच्या पुढे आहेत. एवढ्याशा मतदारसंघावर हात बसला की मोठ्याला भिडायला सोपं जातं. आणि दुसरं म्हणजे पणजीत सगळा मसाला आहे, राजीनामा, पोटनिवडणूक, पक्षांतर, वडिलांच्या जागेवर मुलगा अपक्ष, काय नाही ते सांगा.

तर पद्धत सांगतो, तुम्हालाही कुणाला करायचं असेल तर.

पहिल्यांदा एक्सेल उघडायचं (वही पण चालते, मी अजून वहीवालाच आहे) आणि रकाने पाडायचे. साल, विजेता, पक्ष, दुसरा कोण, फरक, एकूण मतदार, झालेलं मतदान हे तर सगळेच लिहितात. मी त्यात सालाच्या शेजारी अजून एक रकाना टाकायला लावतो, "का झाली". म्हणजे ही निवडणूक का झाली? पाच वर्षं संपली म्हणून, का कुणी राजीनामा दिला म्हणून, का कुणी गेलं म्हणून. हा रकाना रिकामा ठेवायचा नाही, भले बाकीचे आकडे उद्या भरा.

मग निवडणूक आयोगाच्या साइटवर जायचं, तिथं प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल असतो, राज्य निवडायचं, साल निवडायचं, पीडीएफ उतरवायची. जुन्या पीडीएफ जड असतात आणि त्यात शोधा म्हणलं तर सापडत नाही, मतदारसंघाचा नंबर बघून पान पलटत जायचं. भाचीने पंधरा मिनिटांत २०१२, २०१७, २०२२ भरून टाकलं. २०१२ मनोहर पर्रीकर, भाजप. २०१७ सिद्धार्थ कुंकळ्येकर, भाजप. २०२२ बाबूश मोन्सेरात, भाजप. आणि म्हणाली, "हा तर भाजपचा गड आहे मामा, कधी हरलेच नाहीत."

इथंच सगळे फसतात. मी पण फसलो असतो, पण पेपर वाचायची सवय असल्यामुळे आठवत होतं. त्या सार्वत्रिक अहवालात पोटनिवडणुका नसतात! त्या वेगळ्या ठिकाणी असतात, वेगळ्या निकालपत्रात, आणि ते शोधायचा कंटाळा केला की पणजीची निम्मी गोष्ट गायब. दहा वर्षांत पणजीने तीन नाही, सहा वेळा मतदान केलंय. कसं ते बघा.

पर्रीकर १९९४ पासून इथून निवडून येत होते, त्या साली भाजपचे गोव्यात पहिल्यांदा आमदार आले, चार, त्यातले हे एक. मग १९९९, २००२, २००७, २०१२ सलग. २०१४ च्या नोव्हेंबरात ते दिल्लीला संरक्षणमंत्री झाले, उत्तर प्रदेशातून राज्यसभेवर गेले, पणजीची जागा रिकामी. म्हणून २०१५ ला पोटनिवडणूक, जिंकले कुंकळ्येकर. मग २०१७ च्या फेब्रुवारीत नेहमीची निवडणूक, परत कुंकळ्येकर, यावेळी समोर मोन्सेरात, आणि फरक फक्त १,०६९ मतांचा. हे १,०६९ वहीत लाल पेनाने लिहा, पुढं कामाला येणारे.

त्या निकालात काँग्रेसचे १७ आले आणि भाजपचे १३, तरी सरकार भाजपने जमवलं, आणि जमवायला पर्रीकर दिल्ली सोडून परत आले. १४ मार्च २०१७ ला मुख्यमंत्री झाले पण आमदार नव्हते. आता इथं राज्यघटना येते प्रोजेक्टमध्ये, सर खूश होतील, कलम १६४(४), आमदार नसलेला माणूस मंत्री राहू शकतो पण सहाच महिने. मग कुंकळ्येकरांनी राजीनामा देऊन जागा मोकळी केली, ऑगस्टमध्ये पोटनिवडणूक, पर्रीकर ९,८६२, काँग्रेसचे गिरीश चोडणकर ५,०५९, फरक ४,८०३. एकाच वर्षात पणजीकरांनी दोनदा रांगा लावल्या.

१७ मार्च २०१९ ला पर्रीकर गेले. परत पोटनिवडणूक, मे महिन्यात, लोकसभेच्या धामधुमीत. भाजपने परत कुंकळ्येकर दिले आणि काँग्रेसने कोण? मोन्सेरात. ८,७४८ विरुद्ध ६,९९०, मोन्सेरात १,७५८ ने जिंकले. म्हणजे १९९४ नंतर पहिल्यांदा पणजी भाजपच्या हातून गेली. आणि भाचीच्या तक्त्यात हे कुठंच नव्हतं, तिच्या तक्त्यात गड अभेद्य होता.

आता खरी गंमत पुढं आहे. दोनच महिन्यांत, जुलै २०१९ ला, काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, मोन्सेरात त्यात. पंधरातले दहा म्हणजे बरोब्बर दोन तृतीयांश, पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टात तेवढ्यांनी मिळून केलं तर ते विलीनीकरण धरतात, आमदारकी जात नाही. आमदारकी गेली नाही म्हणजे पोटनिवडणूक नाही, पोटनिवडणूक नाही म्हणजे कुठल्याच निकालपत्रात नोंद नाही. मतदारांनी मे मध्ये भाजपला पाडलं आणि जुलैमध्ये त्यांचा आमदार भाजपचा झाला, आणि आयोगाच्या कागदावर याची एक ओळ नाही. ती ओळ आपण लिहायची, वेगळ्या रंगात, "मतदान झालं नाही, पक्ष बदलला" म्हणून. हे पेपरातनंच काढावं लागतं, गोव्याचं असलं तर गोमन्तक, नवप्रभा बघायचे, आपल्याकडचं असलं तर गावकरी, देशदूत. जुन्या फायली कुठल्या लायब्ररीत मिळतात ते आधी फोन करून विचारा, उगाच उन्हातान्हात हेलपाटा नको.

२०२२ ला भाजपने तिकीट मोन्सेरातना दिलं, पर्रीकरांचे चिरंजीव उत्पल अपक्ष उभे राहिले. ६,७८७ आणि ६,०७१. फरक ७१६. आता परत त्या तीन ओळी बघ म्हणलं, पर्रीकर, कुंकळ्येकर, मोन्सेरात, तिन्हीपुढं भाजप. यातला तिसरा दुसऱ्याच्या विरोधात एकदा हरला, एकदा जिंकला, आणि पहिल्याच्या मुलाला हरवून आमदार झाला. भाची गप्प, मिसळीचा रस्सा गार.

त्यामुळे पक्षाच्या रकान्यात नेहमी "त्या दिवशीचा" पक्ष लिहायचा, आजचा नाही. हे जुन्यांनाही लागू. आपले दादासाहेब गायकवाड, काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांसोबत होते ते, १९५७ ला नाशिकमधून लोकसभेवर गेले. सगळे लिहितात रिपब्लिकन पक्ष. पण रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला १९५७ च्या ऑक्टोबरात, निवडणूक त्याच्या आधीच होऊन गेली होती, तेव्हा ते शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे. आणि यादीत "दादासाहेब" शोधाल तर सापडणार पण नाहीत, तिथं भाऊराव कृष्णराव गायकवाड. तसंच बाबूश हे घरचं नाव, कागदावर आतानासियो. शहराचं स्पेलिंग पण जुन्या कागदात वेगळं असतं, आपलं मधल्या एचशिवायचं (Nasik), पणजीचं पंजिम. शोधताना दोन्ही टाकून बघायचं.

फरकाचं एक सांगतो मग नाशिककडे वळू. ७१६ ऐकून आपल्याला वाटतं अरे हे तर आमच्या इंदिरानगरच्या चार सोसायट्या. पण बावीस हजारांत ७१६ म्हणजे शंभरामागे सव्वातीन मतदार, तेच प्रमाण चार लाखांना लावलं तर तेरा हजार होतात, आणि तेरा हजार म्हणलं की कुणी काठावर पास म्हणत नाही. म्हणून नुसता फरक लिहू नका, शेजारी टक्केवारी काढा, नाहीतर छोट्या मतदारसंघातली प्रत्येक लढत थरारक वाटते. टक्का काढताना कशाचा काढला ते पण लिहा, एकूण मतदारांचा का झालेल्या मतदानाचा, आमच्या कट्ट्यावर निम्मी भांडणं यावरनंच होतात.

आता नाशिक. पणजी झाल्यावर भाचीने स्वतःच विचारलं, "२००९ च्या आधी नाशिक मध्य कुठं होतं?" हाच प्रश्न आधी पडायला हवा होता. नव्हतंच ते. २००८ ला मतदारसंघांची पुनर्रचना लागू झाली, २००१ च्या जनगणनेवर, तेव्हा शहरात पूर्व, मध्य, पश्चिम असे तीन झाले. २००४ ला "नाशिक" नावाचा मतदारसंघ होता आणि तिथून काँग्रेसच्या शोभा बच्छाव निवडून आलेल्या. मग २००४ च्या नाशिकच्या खाली २००९ चं नाशिक मध्य लिहून सलग रेघ ओढायची का? नाही. तिथं आडवी जाड रेघ मारायची आणि वर लिहायचं "इथून हद्द बदलली". खालचे आकडे वरच्याशी तुलना करायचे नाहीत. २००९ ला शहरातल्या तिन्ही जागा मनसेला गेल्या, गिते, उत्तमराव ढिकले, नितीन भोसले, ते वाचताना पण लक्षात ठेवायचं की हे तिन्ही मतदारसंघ त्या दिवशी पहिल्यांदाच मत देत होते.

मी स्वतः एकदा तोंडावर आपटलोय यात. दादा भुसे २००४ ला कुठून आले यावर चहाच्या टपरीवर पैज लावली, मी छातीठोकपणे म्हणलं मालेगाव बाह्य. हरलो. ते दाभाडीतून अपक्ष आलेले, मालेगाव बाह्य २००९ पासनंचं. दाभाडी नावाचा मतदारसंघच नकाशावरून गेला. सुरगाण्याचं तेच, जे. पी. गावित तिथून किती वेळा आले, नंतर २०१४ ला ते कळवणमधून दिसतात, माणूस तिथेच आहे, नाव गेलं. म्हणून पुनर्रचनेचा आदेश काढून मतदारसंघात कुठली गावं, कुठले वॉर्ड ते वाचायचं. कंटाळवाणं आहे, महसूल मंडळं, सजे, असली भाषा, पण दुसरा इलाज नाही. नकाशाची प्रिंट काढून पेन्सिलने हद्द काढली की पटकन कळतं.

याच्या उलट देवळाली, नाव टिकलं. १९९० पासून २००९ पर्यंत बबनराव घोलप पाच वेळा, २०१४ ला योगेश घोलप, मग २०१९ आणि २०२४ ला सरोज अहिरे. यादी सरळ दिसते म्हणून सोडून देऊ नका, नाव टिकलं म्हणजे हद्द टिकली असं नसतं, तिथं पण २००८ ची रेघ मारायचीच.

अजून खोलात जायचं असेल तर फॉर्म २० नावाचा कागद असतो, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या साइटवर, त्यात बूथवार मतं. पणजीत बूथ थोडे आहेत, एका दुपारी सगळे वाचून होतात, नाशिकला शेकड्यांनी आहेत, तिथं आपला वॉर्ड तेवढा घ्या. पोस्टल मतं खाली वेगळी असतात, ती धरल्याशिवाय बेरीज जुळत नाही. आणि बूथ नंबर दर निवडणुकीला तोच राहतो असं समजू नका, शाळेचं नाव बघून जुळवायचं. डिपॉझिट वाचलं का ते पण आपणच काढायचं, वैध मतांच्या एक षष्ठांश, त्याच्यावर गेला तर वाचलं. नोटा, म्हणजे "यापैकी कुणीच नाही" हे बटण, २०१३ च्या शेवटापासून आलंय, त्याच्या आधीच्या रकान्यात शून्य टाकू नका, आडवी रेघ टाका, शून्य म्हणजे पर्याय होता आणि कुणी दाबला नाही असा अर्थ होतो.

आणि एखाद्या ओळीत मतंच नसली तर घाबरायचं नाही. नाशिक लोकसभेला १९६३ ची पोटनिवडणूक घ्या, चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले, नाशिकमधून निवडून आले ते बिनविरोध. मतदान नाही, फरक नाही, टक्का नाही. सगळे रकाने रिकामे, फक्त "का झाली" मध्ये तीन ओळी. भाचीने ती नाशिकच्या तक्त्यात घ्यायची का विचारलं, म्हणलं ही लोकसभा आहे, तुझा प्रोजेक्ट विधानसभेचा, तळटीपेत टाक. तिने तळटीपेत टाकली, आणि आता ती तळटीप दीड पान झालीये.