बोल्ट काढून स्टड बसवताय? या चुका टाळा

शेवटचा नट आवळला, टॉर्क रेंच १२० न्यूटन-मीटरला ‘टक’ वाजला. जॅक उतरवण्याआधी सवयीप्रमाणे चाक वर-खाली धरून हलवून पाहिलं, तर ते खुळखुळलं. पाचही नट घट्ट आणि चाक सैल! माझ्या पहिल्या स्टड कन्व्हर्जनची, म्हणजे चाकाचे बोल्ट काढून त्या जागी दोन्हीकडे आटे असलेले स्टड बसवून चाक नटांनी धरण्याची, ही सुरुवात. नट बंद टोकाचे होते आणि स्टड हवे त्यापेक्षा काही मिलिमीटर लांब. स्टडचं टोक नटाच्या टोपीला आतून टेकलं होतं आणि रेंचने त्यालाच ‘घट्ट’ म्हणून पावती दिली होती.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. रेंचचा ‘टक’ एवढंच सांगतो की काहीतरी अडलं. काय अडलं, ते आपल्याला बघावं लागतं. या कामातल्या बहुतेक चुका इथेच येऊन थांबतात.

स्टडचा फायदा खरा आहे. जड चाक एका हाताने तोलत दुसऱ्या हाताने बोल्टचं भोक शोधायची कसरत संपते. चाक स्टडवर अडकवायचं आणि नट फिरवायचे. वारंवार चाकं काढणाऱ्यांच्या हबचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) आटेही वाचतात, कारण झीज होते ती स्टडच्या बाहेरच्या आट्यांची, आणि स्टड बदलता येतो. पण चाकं वर्षातून एकदाच निघत असतील, तर माझ्या मते बोल्टच बरे. जिथे एक जोड होता तिथे आता दोन झाले, आणि लक्षही दोन्हीकडे द्यावं लागतं.

आटे ‘लागले’ म्हणजे जुळले नव्हे

फोक्सवॅगन, ऑडी, स्कोडाच्या बहुतेक गाड्यांत एम१४×१.५ आटे असतात, म्हणजे व्यास १४ मिमी आणि पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, १.५ मिमी. जुन्या बीएमडब्ल्यूत एम१२×१.५, नव्यांत एम१४×१.२५. फियाटच्या अनेक मॉडेलांत एम१२×१.२५. घोटाळा होतो तो पिचमध्ये. १.५ पिचचा स्टड १.२५च्या हबमध्ये दोन-तीन फेरे सहज जातो, मग जड होतो. तिथे ‘गंज असेल’ म्हणत पाना लावला की हबचे आटे गेलेच. म्हणून स्टड नेहमी हाताने सुरू करायचा. नुसत्या बोटांनी पाच-सहा फेरे गेला नाही, तर बाहेर काढून पिच गेजने मोजायचा. खरंच गंज असेल तर हबमधून योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हलक्या हाताने फिरवून घ्या आणि निघालेला चुरा आत राहू देऊ नका.

लांबी दोन्हीकडची मोजायची

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. स्टडची एकूण लांबी दुकानात लिहिलेली असते, पण आपल्याला हवे असतात दोन वेगळे आकडे: हबच्या आत किती आणि बाहेर किती.

आतला आकडा काढायची सोपी युक्ती आहे. मूळ चाक मूळ बोल्टवर असतानाच एक बोल्ट सैल करा आणि तो पूर्ण सुटेपर्यंतचे फेरे मोजा. फेरे गुणिले पिच. दहा फेरे आणि पिच १.५ असेल, तर बोल्ट हबमध्ये १५ मिमी जात होता. स्टडही साधारण तेवढाच जायला हवा. कमी गेला तर धरायला आटे पुरत नाहीत. प्रचलित हिशेब असा, की स्टडचा जितका व्यास तितकी किमान पकड. म्हणजे एम१४ला १४ मिमी, १.५च्या पिचवर नऊ फेऱ्यांहून थोडे जास्त. एम१२×१.५ला आठ फेरे.

आणि जास्त गेला तर? ते मी मागच्या डाव्या चाकावर अनुभवलं. सगळं बसवून चाक हाताने फिरवलं, तर प्रत्येक फेऱ्यात एकदा बारीक ‘खर्र’. एकाच स्टडचं टोक हबच्या मागे जेमतेम दोन मिलिमीटर जास्त निघालं होतं आणि आतल्या पत्र्याला घासत होतं. पत्र्यावर नखाएवढी चकचकीत रेघ उमटली होती. पत्र्यावर निभावलं. त्या जागी एबीएस सेन्सरची वायर किंवा ड्रममधले हँडब्रेकचे भाग असते, तर आवाज न येताच नुकसान झालं असतं. त्यामुळे स्टड बसवल्यावर आणि चाक चढवण्याआधी हब हाताने पूर्ण दोन-तीन वेळा फिरवून कान द्यायचा. मागच्या चाकांना हे हँडब्रेक सोडून करायचं, तेव्हा गाडी स्टँडवर आणि बाकीच्या चाकांना अडण्या हव्यात.

बाहेरच्या बाजूला हिशेब उलटा. नटाचे सगळे आटे स्टडने भरले पाहिजेत. उघड्या टोकाचा नट असेल तर स्टडचं टोक नटाच्या तोंडाशी आलेलं किंवा किंचित बाहेर दिसायला हवं. डोळ्यांनी खात्री होते, म्हणून मी आता तेच वापरतो. बंद नट हवेच असतील, तर आधी नट मोकळ्या स्टडवर टोपीला टेकेपर्यंत फिरवून आतली खोली मोजा आणि चाक बसल्यावर तेवढा स्टड बाहेर उरत नाही ना, ते पाहा. पुढे कधी हब आणि चाकाच्या मध्ये १० मिमीचा स्पेसर (जाड चकती) टाकलात, तर हे गणित पुन्हा पहिल्यापासून.

नटाची बैठक: न दिसणारी चूक

चाकाच्या भोकात नट जिथे टेकतो, त्या बैठकीचा आकार तीन प्रकारचा: तिरपा कोन, गोल वाटी आणि सपाट. फोक्सवॅगन, ऑडीची कंपनीची चाकं गोल बैठकीची. बीएमडब्ल्यूची आणि बाहेरून घेतलेली बहुतेक चाकं ६० अंशांच्या कोनाची. बाजारात स्टडबरोबर मिळणारे नटही बहुधा कोनाचेच असतात. ते गोल वाटीत घातले, तर संपूर्ण पृष्ठभाग न टेकता केसाएवढ्या एका कडीवर सगळा भार येतो. रेंच ‘टक’ वाजतो. मग ती कडी अल्युमिनियममध्ये दबत जाते आणि आवळलेला ताण हळूहळू नाहीसा होतो.

तपासायचं कसं? नटाच्या टेकणाऱ्या भागावर मार्करची शाई फासा, कोरड्या बैठकीत हाताने आवळा, पाव फेरा पान्याने फिरवा, काढून बघा. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली तर आकार जुळला. एकच बारीक रेघ पुसली असेल, तर नट बदला. तपासून झाल्यावर शाई पुसायला विसरू नका.

थ्रेडलॉकर चाक धरत नाही

नट आवळताना स्टड बाहेर ओढला जातो आणि ती ओढ सोसतात हबचे आटे. थ्रेडलॉकरचं, म्हणजे आट्यांना चिकटवणाऱ्या द्रवाचं, काम फक्त एवढंच, की नट सोडताना स्टड सोबत फिरू नये. म्हणून भरपूर ओतून काही मिळत नाही. स्टड आणि हब दोन्ही ब्रेक क्लीनरने तेलविरहित करा, हबकडच्या आट्यांवर थोडे थेंब लावा, स्टड अ‍ॅलन कीने स्टड बनवणाऱ्याने सांगितलं तेवढाच आवळा. स्टडला नटासारखा १२०चा टॉर्क द्यायचा नसतो. दिला तर आट्यांचं शेवटचं टोक हबच्या तोंडात पाचरीसारखं ठोकलं जातं. मग वाट पाहायची. हा द्रव हवा बंद झाल्यावर धातूच्या संपर्कात घट्ट होतो आणि पूर्ण पकड यायला साधारण २४ तास लागतात. अर्ध्या तासात चाकं चढवून निघालेल्यांचेच स्टड पहिल्यांदा चाक काढताना नटासकट हातात येतात.

तसा स्टड आला तर? तो तसाच बोल्टसारखा परत फिरवू नका. नट स्टडवर नेमका कुठे अडकला आहे हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे आतली पकड कमी आहे की टोक मागे निघतंय, दोन्ही अंधारात. नट सोडवा, दोन्हीकडचे आटे साफ करा, नवा थ्रेडलॉकर, पुन्हा २४ तास.

रेंच हातात घेतल्यावर

स्टडच्या बाहेरच्या आट्यांना ग्रीस किंवा कॉपर पेस्ट लावायचा मोह होतो. टॉर्कचे आकडे एरवी कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी दिलेले असतात. दिलेल्या टॉर्कचा फार मोठा भाग घर्षणातच जातो, प्रत्यक्ष ताणाला साधारण दहावा हिस्सा उरतो. घर्षण कमी केलंत की त्याच ‘टक’ला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो.

हब आणि चाक जिथे एकमेकांना टेकतात तिथला गंज वायर ब्रशने घासून काढा. गंजाचा पापुद्रा नंतर चुरला की नट सैल होतो. चाक हवेत असताना नट ताऱ्याच्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे, शेवटचा टॉर्क टायर जमिनीला टेकल्यावर. आकडा गाडीच्या पुस्तकातला. इम्पॅक्ट गन दूर ठेवा. आणि ५० ते १०० किमी चालवून, चाकं थंड असताना, पुन्हा एकदा रेंच फिरवायचा. वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी चाकाचं मधलं भोक हबवर नीट बसतंय का पाहा. फोक्सवॅगनच्या बहुतेक हबचा व्यास ५७.१ मिमी असतो. बाहेरच्या चाकाचं भोक मोठं असेल तर मध्ये रिंग लागते.

आता डिकी उघडा. स्टेपनीची बैठक चारही चाकांपेक्षा वेगळी असू शकते, तिची जाडीही. शाईची परीक्षा तिच्यावरही करा, एकदा तिला हबवर चढवून पाहा, आणि लागतील ते वेगळे नट पिशवीत घालून स्टेपनीशेजारी ठेवा. सोबत नव्या नटांच्या मापाचा पानाही. गाडीबरोबर आलेला १७चा, आणि तुमचे नट १९चे असतील, तर पंक्चर झाल्यावर तो पाना नुसता हातात राहील.