मीटिंगमध्ये सगळे गप्प? टीमची कल्पकता मारणाऱ्या या चुका टाळा

“कुणाला काही सुचतंय का?” या प्रश्नानंतर कुणी लॅपटॉपमध्ये डोकं घालतं, तर कुणी “सर म्हणतायत तेच बरोबर” म्हणून मोकळं होतं. मग मॅनेजर ठरवून टाकतो की टीमला काही सुचतच नाही. बहुतेक वेळा सुचलेलं असतं, पण बोलून हसं करून घ्यायची तयारी नसते.

साहेबांनी आधी बोलणं

वरिष्ठांनी मत मांडलं की बाकीचे त्याचीच री ओढतात. म्हणून मीटिंगआधी प्रत्येकाकडून दोन-चार ओळी लिहून घ्या आणि सगळ्यात नवख्या माणसाला आधी बोलू द्या. एकत्र बसूनच जास्त सुचतं, हाही भ्रमच. मानसशास्त्रज्ञ डील आणि श्ट्रोबे यांनी 1987 मध्ये प्रयोगांतून दाखवलं की तेवढीच माणसं एकेकटी बसली तर जास्त कल्पना निघतात. गटात आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं आणि तेवढ्यात विचाराचा धागा सुटतो.

तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरणं

टीम कशा काम करतात याच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीमकडून कमी चुका होत असतील अशी अपेक्षा होती. आकडे निघाले उलटे. त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथे चुका जास्त होत नसाव्यात, उघडपणे सांगितल्या जात असाव्यात. तेव्हा तुमच्या साप्ताहिक रिपोर्टमध्ये सगळं हिरवंगार दिसत असेल, तर खूश होण्याआधी जरा चौकशी करा.

सगळ्यांना माहीत तेच चघळणं

ही चूक सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. मानसशास्त्रज्ञ स्टॅसर आणि टायटस यांच्या 1985 च्या प्रयोगात गटातल्या प्रत्येकाला काही माहिती सारखी दिली होती, काही वेगळी. चर्चा फिरत राहिली सामायिक माहितीभोवतीच. आपल्याकडेही हेच होतं. ग्राहक नेमका कुठे अडतो हे सपोर्टच्या मुलीला रोज फोनवर ऐकू येतं, पण डिझाइनच्या मीटिंगला ती नसते. असली तरी तिला कुणी विचारत नाही. “काही सुचतंय का” ऐवजी “तुला माहीत आहे आणि आम्हाला नाही, असं काय आहे?” असं नाव घेऊन विचारा.

अर्धवट, बिनकामाची वाटणारी माहितीही सांगू द्या. थ्रीएम या अमेरिकन कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हर या शास्त्रज्ञाला 1968 मध्ये धड न चिकटणारा गोंद मिळाला. उपयोग काय ते कळेना, पण ते कंपनीत सगळ्यांना त्याबद्दल सांगत राहिले. चर्चच्या गीतपुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या पडतात म्हणून वैतागलेल्या त्यांच्याच कंपनीतल्या आर्ट फ्राय यांना 1974 मध्ये तोच गोंद आठवला. 1980 मध्ये पोस्ट-इट, म्हणजे चिकटवून पुन्हा काढता येणाऱ्या चिठ्ठ्या, अमेरिकाभर विक्रीला आल्या. सिल्व्हर यांनी तो फसलेला प्रयोग म्हणून ड्रॉवरमध्ये टाकला असता, तर फ्राय यांना आठवायला काही उरलंच नसतं.

न घाबरता बोलता येणं म्हणजे गोडगोड बोलणं नव्हे

वाद होऊ द्या, फक्त तो कामावर राहू द्या. “हे चालणार नाही, कारण…” चालेल. “तुला कळत नाही” चालणार नाही.

सुधारणा होतेय का, हे बघायला सर्व्हेचे फॉर्म भरून घ्यायची गरज नाही. गेल्या महिन्यात कुणी वाईट बातमी आपणहून आणली का, आणि तुमचं पहिलं वाक्य “काय झालं?” होतं की “कुणी केलं?” एवढं आठवून पाहा.